आमच्या पलटणी तुझ्या दारात होत्या

प्रिय इंडोनेशिया,



तुझ्या आणि आमच्या मैत्रीचा विषय निघाला की आमच्याकडे दोन-तीन गोष्टी हमखास सांगितल्या जातात. जुलै १९४७ मध्ये बिजू पटनाईक पत्नीसह विमान घेऊन आले आणि डचांच्या नाकावर टिच्चून तुझे नेते सुतान शारीर यांना बाहेर घेऊन गेले, ही एक. २६ जानेवारी १९५० ला आमच्या पहिल्या प्रजासत्ताक दिनाला सुकार्णो प्रमुख पाहुणे होते, ही दुसरी. मग १९५५ ची बांडुंग परिषद आणि नेहरू-सुकार्णोंचे फोटो. या गोष्टी खऱ्या आहेत आणि त्यांचा मलाही अभिमान आहे. पण तुझं स्वातंत्र्ययुद्ध चार वर्षं चाललं, त्यातली सगळ्यात मोठी लढाई सुरुवातीलाच, १९४५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुराबाया शहरात झाली, आणि तिथे तुझ्या पोरांसमोर बंदुका घेऊन उभे होते ते डच नव्हते. ब्रिटिशांच्या हुकमाखालचे हिंदी शिपाई होते. त्यांत मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या दोन पलटणी होत्या.

मराठीत हे फार कमी लिहिलं गेलं आहे. शाळेच्या पुस्तकात तर नाहीच. म्हणून हे पत्र मराठीत आणि उघड लिहितो आहे. तुला ते कळावं, आणि त्याहून जास्त आमच्या लोकांनी वाचावं.

तुझ्या जन्माची वेळच विलक्षण होती. १७ ऑगस्ट १९४५, रमजानमधला शुक्रवार, सकाळचे दहा. जाकार्तात पेगांगसान तिमूर ५६ या घरासमोर अंगात ताप असलेले सुकार्णो उभे राहिले, शेजारी मोहम्मद हट्टा. जाहीरनामा इनमिन दोन वाक्यांचा. पहिल्यात स्वातंत्र्याची घोषणा, दुसऱ्यात सत्तांतराची कामं व्यवस्थित आणि लवकरात लवकर उरकली जातील एवढंच. झेंडा सुकार्णोंच्या पत्नी फातमावती यांनी घरी शिवलेला. जपानने दोनच दिवसांपूर्वी शरणागती जाहीर केली होती आणि दोस्तांच्या फौजा यायला अजून अवकाश होता. जुना मालक परतायच्या आत घर आपल्या नावावर करून घ्यावं, तशा त्या मधल्या मोकळ्या दिवसांत तू स्वतःला स्वतंत्र म्हणवून घेतलंस.

नेदरलँड्स तेव्हा नाझींच्या टाचेखालून सुटून जेमतेम तीन महिने झाले होते. पाच वर्षं परक्या फौजेचे बूट आपल्या रस्त्यांवर ऐकलेल्या लोकांनी लगेच दुसऱ्याच्या रस्त्यांवर फौज पाठवायची तयारी करावी, याची कारणं मी वाचली आहेत. लढाईने खंगलेल्या देशाला तुझं रबर, कथील, साखर आणि तेल हवं होतं. सुकार्णो हा जपान्यांनी उभा केलेला बाहुला आहे आणि सामान्य माणूस अजून आपल्याच बाजूचा आहे, अशी त्यांची पक्की समजूत होती. कारणं समजतात, पटत मात्र नाहीत. त्यांच्याकडे त्या घडीला पाठवायला फौज नव्हती. ती माउंटबॅटन यांच्या हाताखाली होती, आणि त्या फौजेत जास्तीत जास्त माणसं आमची होती. तुझी आणि आमची गाठ पडली ती अशी.

सुराबायाच्या लोकांनी तोवर आपला निर्णय करून टाकला होता. १९ सप्टेंबरला यामातो हॉटेलवर, म्हणजे पूर्वीच्या ओरान्ये हॉटेलवर, काही डचांनी आपला लाल-पांढरा-निळा झेंडा चढवला. खाली जमाव जमला, बाचाबाची झाली, मारामारी झाली, आणि काही तरुण भिंतीवरून वर चढले. त्यांनी तो झेंडा उतरवला, खालची निळी पट्टी फाडून टाकली आणि उरलेला लाल-पांढरा तुकडा पुन्हा काठीवर चढवला. तुझा झेंडा तयार झाला. डचांचं नेमकं काय नको आहे आणि आपलं काय आहे, ते त्या पोरांनी एका फाडण्यात सांगून टाकलं. पुढच्या काही आठवड्यांत जपानी ॲडमिरल शिबाता यांनी शहरातला शस्त्रसाठा जवळजवळ तुझ्या लोकांच्या हाती जाऊ दिला. २२ ऑक्टोबरला नहदलातुल उलमा या मुस्लिम धर्मपंडितांच्या संघटनेने धर्मयुद्धाचा ठराव केला. तेव्हा २५ ऑक्टोबरला ४९ वी हिंदी ब्रिगेड बंदरात उतरली, ती स्वतःला स्वतंत्र समजणाऱ्या आणि हातात हत्यारं असलेल्या शहरात.

या ब्रिगेडमध्ये पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी आणि सहावी बटालियन होती, आणि राजपुताना रायफल्सची एक. चौथी मराठा म्हणजे मार्च १९४४ मध्ये मणिपुरात सांगशाकला जपान्यांच्या लोंढ्यापुढे उभी राहिलेली पलटण. ही माणसं थकलेली होती. लढाई संपली होती, घरी जायचे दिवस आले होते. त्यांना सांगितलं गेलं होतं की जपानी छावण्यांत अडकलेल्या कैद्यांना सोडवायचं आहे, बायका-मुलांना सुखरूप बोटीपर्यंत न्यायचं आहे आणि जपान्यांची हत्यारं काढून घ्यायची आहेत. ते काम खोटं नव्हतं. पण त्या कामाच्या पाठोपाठ डचांचं राज्य परत येणार, हे सुराबायातल्या सायकल-रिक्षावाल्यालाही कळत होतं.

आमच्याकडचे तरुण पलटणीत का जायचे, हे तुला ठाऊक असायला हवं. वाटण्या होत होत हातरुमालाएवढं उरलेलं वावर, पावसाच्या भरवशावरचं पीक, आणि दर महिन्याला येणारी मनीऑर्डर. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडच्या कित्येक घरांचं पोट त्या मनीऑर्डरीवर चालायचं. साताऱ्याजवळच्या अपशिंग्यासारख्या गावाच्या तर नावातच मिलिटरी आली. आणि याच साताऱ्यात त्याच दिवसांत क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार चालू होतं. गावोगाव न्यायदान मंडळं बसत होती, तुफान सेनेची पोरं रात्री-अपरात्री हिंडत होती, इंग्रजांचा अंमल गावच्या वेशीबाहेर थांबवत होती. म्हणजे कृष्णाकाठी जे चाललं होतं तेच तुझ्या ब्रांतास नदीच्या काठी चाललं होतं. एका भावकीतला एक भाऊ तुफान सेनेत आणि दुसरा सुराबायात पलटणीच्या पहाऱ्यावर, असं असणं अजिबात अशक्य नव्हतं. या दोन गोष्टी मराठी माणसाने एका दमात कधी वाचलेल्या नाहीत, म्हणून मी त्या इथे शेजारी ठेवतो आहे.

ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडिअर मॅलबी आणि शहरातले नेते यांच्यात २६ ऑक्टोबरला समझोता झाला. तुझ्या लोकांची हत्यारं काढून घेतली जाणार नाहीत, असा त्याचा अर्थ होता. दुसऱ्या दिवशी जाकार्ताहून आलेल्या विमानाने शहरावर पत्रकं टाकली: अठ्ठेचाळीस तासांत हत्यारं जमा करा, नाहीतर गोळी घालू. मॅलबींनाही ती अनपेक्षित होती, असं नोंदलेलं आहे. पण वरिष्ठांचा हुकूम म्हणून त्यांनी तो पाळायचं ठरवलं. दिलेला शब्द चोवीस तासांत आभाळातून मोडला गेला. २८ ला दुपारपासून शहरभर विखुरलेल्या छोट्या छोट्या हिंदी तुकड्यांवर हजारोंच्या जमावाने हल्ले चढवले. दोन दिवसांत ती ब्रिगेड संपायच्या बेताला आली. तेव्हा ब्रिटिशांना सुकार्णो आणि हट्टा यांनाच विमानाने बोलावून आणून लढाई थांबवायची गळ घालावी लागली. ज्याला मान्यता द्यायची नाही, त्याच सरकारच्या शब्दावर आपल्या सैनिकांचा जीव वाचवायचा! तू अस्तित्वात आहेस याचा यापेक्षा मोठा पुरावा आणखी कुठला हवा होता?

३० ऑक्टोबरची संध्याकाळ. लाल पुलाजवळच्या चौकात इंटरनॅशियो नावाच्या व्यापारी कंपनीची भक्कम इमारत, आत सहाव्या मराठा पलटणीची एक तुकडी अडकलेली, बाहेर खवळलेला जमाव. तुकडीचे प्रमुख मेजर वेणुगोपाल, म्हणजे हिंदी अधिकारी. मॅलबी आणि तुझे नेते गाड्यांतून लढाईबंदी समजावत तिथे पोचले. जमावाची मागणी एकच, आतल्यांनी हत्यारं खाली ठेवावीत. बोलणी करायला जे आत गेले त्यांच्याबरोबर दुभाषी म्हणून होते टी. डी. कुंदन, सुराबायात राहणारे भारतीय वंशाचे गृहस्थ. त्या एका दारात किती गोष्टींची गुंतागुंत झाली होती पाहा. आत मराठा जवान, बाहेर जाव्हाचे तरुण, मध्ये निरोप्या म्हणून एक हिंदी माणूस, आणि ज्याच्यासाठी हे सारं चाललं तो डच त्या चौकात कुठेच नाही. मग गोळीबार सुरू झाला. पहिली गोळी कुणी झाडली यावर आजही एकमत नाही. गाडीत बसलेले मॅलबी एका तरुणाच्या पिस्तुलाच्या गोळीने मारले गेले.

त्याचा सूड म्हणून जे झालं, ते तू दरवर्षी आठवतोस. पाचवी हिंदी डिव्हिजन आली, मेजर जनरल मॅन्सर्ग यांनी ९ नोव्हेंबरला निर्वाणीचा इशारा दिला, आणि १० नोव्हेंबरच्या सकाळी युद्धनौकांच्या तोफा, विमानं आणि रणगाडे घेऊन शहरावर हल्ला झाला. पंचवीस वर्षांचे बुंग तोमो रेडिओवरून लोकांना पेटवत होते. तीन-चार दिवसांत काम आटपेल असा अंदाज होता, लागले तीन आठवडे. घरागणिक, गल्लीगणिक लढाई झाली. तुझे मेलेले सहा हजारांहून अधिक, काही अंदाज त्याच्या दुपटीच्या वर जातात. दोनेक लाख माणसं शहर सोडून गेली. १० नोव्हेंबर हा तुझा वीर दिन झाला. लढाईच्या हिशेबाने तू हरलास, पण त्यानंतर ब्रिटिशांना कळून चुकलं की डचांसाठी हे ओझं वाहणं आपल्याला परवडणार नाही. वर्षभरात, नोव्हेंबर १९४६ अखेर, ते निघून गेले.

आमच्या पलटणींनी त्या शहरात दोन वेगवेगळी कामं केली, आणि दोन्ही सांगितल्याशिवाय हे पत्र खरं होणार नाही. २८ ऑक्टोबरला डच बायका-मुलांचा एक ताफा जमावाच्या तावडीत सापडला, तेव्हा बरोबरच्या हिंदी शिपायांनी गोळ्या संपेपर्यंत त्यांना वाचवायचा प्रयत्न केला आणि त्यांतले अनेक तिथेच पडले. त्या काही महिन्यांत तुझ्या काही तरुणांनी डच, मिश्रवंशीय, चिनी, अंबोनी माणसांना, शस्त्र नसलेल्यांना, हजारोंनी मारलं. तुझ्या क्रांतीचा तो भाग तुझ्याकडेही फारसा बोलला जात नाही. त्या बायकांपुढे उभ्या राहिलेल्या शिपायांना मी मान देतो. पण त्याच गणवेशातल्या माणसांनी दहा नोव्हेंबरनंतर एका स्वतंत्र शहराच्या गल्ल्या मोडून काढल्या, आणि ते करायला कुठलाही चांगला हेतू पुरत नाही. हुकूम त्यांचा नव्हता, बंदूक मात्र त्यांच्या खांद्यावर होती.

सगळ्यांनी मात्र हुकूम मुकाट मानला नाही. जवळपास सहाशे हिंदी सैनिक पलटण सोडून तुझ्या बाजूला आले असं सांगितलं जातं. बरेचसे मुसलमान, पण धर्म हे एकच कारण असेल असं मला वाटत नाही. ऑस्ट्रेलियाच्या बंदरांत डच बोटींवरच्या हिंदी खलाशांनी तुझ्याविरुद्धचा माल न्यायला नकार देऊन काम टाकलं. आणि १८ फेब्रुवारी १९४६ ला मुंबईत तलवार नाविक तळावर जो संप पेटला, त्याच्या मागण्यांत निकृष्ट जेवण, आझाद हिंद सेनेच्या कैद्यांची सुटका यांच्याबरोबर एक मागणी होती: इंडोनेशियातून हिंदी फौजा परत बोलवा. नाविकांच्या पाठीशी लालबाग-परळचे गिरणी कामगार रस्त्यावर उतरले, दोनशेहून अधिक माणसं मुंबईच्या रस्त्यांवर गोळ्यांना बळी पडली. नाविकांच्या बंडावर मराठीत पुष्कळ लिहिलं गेलंय. ती एक मागणी मात्र बहुतेक वेळा वगळली जाते. ती वगळू नये. बंदुका घेऊन तुझ्याकडे गेलेल्यांत आमची माणसं होती, तशीच त्या बंदुका परत आणा म्हणून गोळी झेलणाऱ्यांतही होती.

आणि तू काय केलंस? १९४६ साली आमच्याकडे पुन्हा दुष्काळाचं सावट होतं. बंगालचा दुष्काळ तीन वर्षांपूर्वीचाच होता. तेव्हा पंतप्रधान शारीर यांनी आम्हाला पाच लाख टन तांदूळ देऊ केला आणि बदल्यात कापड, औजारं मागितली. तुझ्या लोकांच्या अंगावर तेव्हा गोणपाटाचे कपडे होते. यात राजकारण होतं, होय. डचांची नाकेबंदी मोडायची होती, जगाला दाखवायचं होतं की इथे एक सरकार आहे आणि ते करार करू शकतं. तरीही सुराबायानंतर वर्षही उलटलं नसताना तू आम्हाला भात देऊ केलास, हे मी विसरू शकत नाही.

ब्रिटिश गेल्यावर तुझी खुद्द जुन्या मालकाशी गाठ पडली. करारांवर करार झाले आणि डचांनी ते मोडले. लिंगारजातीच्या करारात जाव्हा, मादुरा आणि सुमात्रावरचा तुझा प्रत्यक्ष ताबा मान्य केला. सही २५ मार्च १९४७ ची. त्यानंतर चार महिन्यांच्या आत, २१ जुलैला, एक लाखाहून अधिक फौजेनिशी हल्ला. त्या मोहिमेचं सांकेतिक नावच प्रॉडक्ट होतं. मळे, कोळसा, तेल ताब्यात घ्यायचं होतं, ते त्यांनी नावातून लपवलंही नाही. जगाला सांगताना मात्र ही पोलीस कारवाई होती. का, ते उघड आहे. दोन देशांतलं युद्ध म्हटलं की संयुक्त राष्ट्रांना बोलता येतं. घरातला दंगा म्हटलं की बाहेरच्यांचं तोंड बंद. आम्ही तेव्हा पूर्ण स्वतंत्रही नव्हतो, तरी भारताने आणि ऑस्ट्रेलियाने ३० जुलैला हे प्रकरण सुरक्षा परिषदेपुढे नेलं. त्याच्या आदल्याच दिवशी सिंगापूरहून औषधं घेऊन येणारं पटनाईकांच्या कलिंग एअरलाइन्सचं डाकोटा विमान डच लढाऊ विमानांनी योग्याकार्ताजवळ पाडलं. तुझ्या हवाई दलाचे आदिसुचिप्तो आणि अब्दुलरहमान सालेह त्यात गेले, भारतीय अभियंता भिडा राम गेले. आज तुझ्या विमानतळांना त्या दोन अधिकाऱ्यांची नावं आहेत. आमच्याकडे पटनाईकांचं उड्डाण सगळ्यांना माहीत, आणि न पोचलेलं हे विमान कुणालाच माहीत नाही.

रावागदेबद्दल थोडं लिहायलाच हवं. पश्चिम जाव्हातलं करावांगजवळचं हे गाव. ९ डिसेंबर १९४७ ला डच सैनिक एका बंडखोर नेत्याला शोधत आले, तो सापडला नाही, तेव्हा गावातल्या पुरुषांना रांगेत उभं करून गोळ्या घातल्या. तुझे लोक ४३१ म्हणतात, डच दीडशे. त्याच्या आदल्याच दिवशी अमेरिकी जहाज रेनव्हिलवर शांततेची बोलणी सुरू झाली होती. गावच्या विधवांना न्याय मिळायला २०११ साल उजाडलं. हेगच्या न्यायालयात डच सरकारचा बचाव होता की खटल्याची मुदत संपली आहे. न्यायाधीशांनी तो फेटाळला. म्हाताऱ्या झालेल्या बायकांना वीस-वीस हजार युरो मिळाले आणि त्याच ९ डिसेंबरला गावात माफी मागितली गेली.

१९ डिसेंबर १९४८ ला योग्याकार्ता पडलं, सुकार्णो-हट्टा पकडले गेले, आणि डचांना वाटलं खेळ खलास. इथे तुझं सगळ्यात मोठं धाडस दिसतं. पकडले जाण्याआधी मंत्रिमंडळाने ठरवून ठेवलं होतं की सुमात्रात मंत्री शाफ्रुद्दीन यांनी आणीबाणीचं सरकार चालवावं. आणि तेही न जमलं तर मंत्री मारामिस यांनी नवी दिल्लीत निर्वासित सरकार स्थापावं. ती दुसरी वेळ आली नाही. बुकितिंगीजवळच्या जंगलांतून, बिनतारी यंत्राच्या जोरावर, सरकार चालू राहिलं. सरसेनापती सुदिरमान तेव्हा बत्तीस वर्षांचे, मूळचे शाळामास्तर, क्षयाने एक फुप्फुस निकामी झालेलं. राष्ट्राध्यक्षांनी शहरात थांबायला सांगितलं असताना ते डोंगरांत गेले, आणि सात महिने लोकांनी त्यांना डोलीतून डोंगर-दऱ्यांतून फिरवलं. चालता येत नाही असा सेनापती आणि हातात धड बंदूक नाही असं सैन्य. लाखाची डच फौज त्यांच्यामागे हिंडत राहिली आणि त्यांना धरू शकली नाही. १ मार्च १९४९ ला तुझ्या गनिमांनी दिवसाढवळ्या योग्याकार्ता सहा तास ताब्यात ठेवलं. लढाईच्या दृष्टीने सहा तास म्हणजे काहीच नाही. पण प्रजासत्ताक संपलं असं सुरक्षा परिषदेत सांगणाऱ्यांची जीभ त्यानंतर अडखळली. शिवकाळ डोक्यात असलेल्या मराठी वाचकाला हे युद्ध समजावून सांगावं लागणार नाही.

तोवर नेहरूंनी डच विमानांना भारताचं आकाश बंद केलं होतं आणि जानेवारी १९४९ मध्ये दिल्लीत आशियाई देशांची परिषद भरवली होती. मार्शल योजनेचे डॉलर अडकतील या भीतीने हेगमध्ये सूर बदलला. २७ डिसेंबर १९४९ ला ॲम्स्टरडॅमच्या राजवाड्यात राणी युलियाना यांनी सत्तांतरावर सही केली. तुझी डच नोंदींतूनच मोजलेली जवळपास एक लाख माणसं तोवर गेली होती, डचांचे पाचेक हजार.

आणि त्या सहीबरोबर तुझ्या गळ्यात ४.३ अब्ज गिल्डरचं कर्ज मारलं गेलं. जुन्या वसाहती सरकारची देणी, आणि त्यांत तुझ्यावरच केलेल्या मोहिमांचा खर्चही आला. घर जाळणाऱ्याने रॉकेलचं बिल घरमालकाला पाठवावं, तसला हा प्रकार. पोटाला चिमटा घेऊन तू त्यातलं बरंचसं फेडलंस आणि १९५६ मध्ये उरलेलं नाकारलंस. वसाहतीच्या शोषणावर मी जे काही वाचलं आहे, त्यात या एका आकड्याइतकी चीड मला कशाचीच आलेली नाही.

तुझा जन्म कोणत्या तारखेचा, हाही वाद डचांनी आपल्या बाजूने दशकानुदशकं मिटू दिला नाही. त्यांच्या लेखी तू २७ डिसेंबर १९४९ ला जन्मलास. कारण १७ ऑगस्ट १९४५ मान्य केली तर मधली चार वर्षं म्हणजे एका स्वतंत्र देशावर केलेलं आक्रमण ठरतं. राजे विल्यम-अलेक्झांडर यांनी २०२० मध्ये त्या काळच्या हिंसेबद्दल माफी मागितली. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांच्याच संशोधकांनी सांगितलं की आत्यंतिक हिंसा हा तुरळक सैनिकांचा अतिरेक नव्हता, ती पद्धतशीर होती आणि वरपर्यंत चालवून घेतली गेली. पंतप्रधान रुटे यांनी माफी मागितली, आणि जून २०२३ मध्ये संसदेत १७ ऑगस्ट बिनशर्त मान्य केला. अठ्ठ्याहत्तर वर्षं लागली.

आता एक अवघड गोष्ट. आमच्या पलटणींबद्दल मी इतकं मोकळं लिहिलं आहे, म्हणून हेही लिहितो. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा पोर्तुगिजांच्या हातून सुटला. त्याच दिवशी सुकार्णोंनी योग्याकार्तातून पश्चिम इरियन, म्हणजे आजचा पापुआ, परत घेण्याचा हुकूम दिला. तो दिवस आपल्या दोघांचाही होता. पण २८ नोव्हेंबर १९७५ ला पूर्व तिमोरने पोर्तुगिजांपासून स्वातंत्र्य जाहीर केलं, तेव्हा नऊ दिवसांत, ७ डिसेंबरला, तुझी फौज तिथे उतरली. जुना मालक निघाला आहे आणि मधल्या मोकळ्या दिवसांत एका लहान देशाने स्वतःची घोषणा केली आहे. ही स्थिती तुझ्याइतकी कुणाला ओळखीची होती? तरी चोवीस वर्षं तू ते मान्य केलं नाहीस. पापुआतल्या लोकांनाही तू १९६९ मध्ये त्यांचं मत निवडक हजारेक माणसांच्या तोंडून सांगायला लावलंस. तुझं १९४५ माझ्या मनात इतकं मोठं आहे, म्हणून हे जास्त लागतं.

माझ्या मागण्या साध्या आहेत. इथल्या संपादकांकडे: दहा नोव्हेंबरला सुराबायावर एक तरी लेख मराठीत यावा, आणि त्यात मराठा पलटणींचं नाव असावं. बेळगावच्या आमच्या रेजिमेंटल सेंटरकडे आणि सुराबायात वीर स्मारकाच्या खाली तू उभारलेल्या दहा नोव्हेंबर संग्रहालयाकडे: दोन्हीकडच्या नोंदी एकत्र ठेवून त्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पडलेल्यांची नावनिशीवार यादी करावी, तुझे आणि आमचे एकाच कागदावर, पलटण सोडून तुझ्याकडे आलेलेही त्यात. तुझ्या शहरात त्या शिपायांची मुलं-नातवंडं राहत असतील तर त्यांना विचारून घ्यावं, साताऱ्या-कोल्हापूरकडे ज्यांच्या घरात पलटणीचे जुने कागद पडून आहेत त्यांना आम्ही विचारू. ते विचारायचं काम मी माझ्या परीने सुरू करतो आहे.

तुझा,
एक मराठी लेखक